होडीत मावतील एवढीच मंडळी

लग्नाला जायचं तर आमंत्रण लागतं, ही गोष्ट आमच्या सुपडूनानांना कधी पटली नाही. लग्नसराई सुरू झाली की संध्याकाळी ते इस्त्रीचा पांढरा सदरा चढवत, खिशात कंगवा टाकत आणि बँडचा आवाज येईल त्या दिशेने चालू लागत. मांडवात शिरल्यावर तुम्ही-आम्ही आधी वास घेतो, बट्टी-वरण आहे की पुरी-बुंदी याचा अंदाज बांधतो. नाना माणसं बघत. नवरीकडची किती, नवरदेवाकडची किती. ज्या बाजूचं वऱ्हाड विरळ दिसेल, त्या बाजूला जाऊन ते घरच्यासारखे बसत.

कोणी विचारलंच, "कोणाकडून आलात आपण?" तर उत्तर ठरलेलं. "जिकडे कमी, तिकडून."

विचारणाऱ्याला वाटे, कमी हे एखाद्या गावाचं नाव असावं.

फुकट जेवायला जात म्हणाल तर तेही नाही. नाव न घालता आहेराचं पाकीट ठेवून येत. पण एकदा बसले की पुरते त्या घरचे होत. पंगतीत आग्रह करत, रुसलेल्या आत्याबाईंची समजूत काढत, पाणी कमी पडलं तर आचाऱ्यावर ओरडत. एका लग्नात नवरदेवाच्या मामांची गाडी वाटेत पंक्चर झाली आणि मुहूर्त टळायला आला, तेव्हा नवरदेवाच्या मागे मामा म्हणून नानाच उभे राहिले. खरे मामा घामाघूम होऊन पोचले तेव्हा मंगलाष्टकं संपली होती. नाना त्यांना म्हणाले, "तुमचं काम करी ठेवलं शे. आता फक्त जेवा." ते मामा पुढे कित्येक वर्षं नानांना दिवाळीचं पत्र पाठवत होते.

आपल्याकडे लग्नात मानाच्या माणसांना टोपी, टॉवेल आणि नारळ देतात. माईकवरून एकेकाला पुकारतात, तो स्टेजवर जातो, टोपी घालून घेतो आणि फारच झालं असं तोंड करून खाली उतरतो. नानांना अनोळखी लग्नांतून इतके टॉवेल मिळत, की आमच्या गल्लीत टॉवेल विकत आणायची पद्धतच नव्हती. माझ्या घरी आजही एक आहे. त्याने अंग पुसलं जात नाही, पाणी फक्त इकडचं तिकडे होतं.

सुपडू हे नाव खानदेशाबाहेरच्या माणसाला गमतीचं वाटेल. आधीची मुलं जगली नाहीत की नव्या बाळाला सुपात घालून ओवाळून टाकल्यासारखं करत आणि सुपडू म्हणत, म्हणजे मृत्यूला वाटावं की हे टाकाऊ आहे. नानांच्या बाबतीत ही युक्ती चालली. ते जगले, पण बाकी कोणी राहिलं नाही. आई-वडील लहानपणीच गेले. लांबच्या एका चुलत्याने पाचोऱ्याजवळच्या खेड्यात दहावीपर्यंत सांभाळलं, मग तोही गेला. पुढे नाना एसटीत लागले आणि मी त्यांचा शेजारी झालो तेव्हा ते जळगावच्या स्टँडवर कंट्रोलर होते. भोंग्यावरून "पारोळामार्गे धुळ्याला जाणारी गाडी लागलेली आहे" असं सांगणारा आवाज त्यांचा. दिवाळीला सगळे सुट्टीसाठी भांडत, नाना ड्युटी मागून घेत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुपारी स्टँडवरच्या बाकावर बसलेले असत. मी एकदा म्हणालो, "नाना, आज तरी घरी बसा." ते म्हणाले, "घरी काय शे भाऊ? इथे निदान लोक कुठे चालले ते तरी कळतं."

माझी बायको मंदा. एकटा पुरुष तिला बघवत नाही. ओट्यावर धूळ दिसली की तिचा हात जसा फडक्याकडे जातो, तसं तिचं नानांच्या बाबतीत झालं. नानांनी तेव्हा पन्नाशी गाठली होती. मंदाने स्थळं आणायला सुरुवात केली, आणि पहिल्याच स्थळाच्या वेळी नानांनी अट सांगितली.

"लग्न करीन, पण होडीत."

"कशात?" मंदा म्हणाली.

"होडीत वहिनी. तापीत. सरकारी पद्धतीने, साहेबासमोर, सह्या करून. मांडव नको, बँड नको, माईक तर नकोच नको."

जळगावात नळाला पाणी आलं तरी लोक शेजारी बोलावतात आणि या माणसाला होडी पाहिजे! बरं, ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या मांडवात मिरवलं, त्याला स्वतःच्या लग्नात मांडव नको. पहिलं स्थळ हसत गेलं, दुसरं रागावून गेलं. तिसऱ्याच्या भावाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "डोक्यावर काही परिणाम शे का?" मी ठामपणे नाही म्हणालो, पण मनातून खात्री नव्हती.

मग धुळ्याच्या कमलताई आल्या. शिवणाचे क्लास घेणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या, लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा झालेल्या. आमच्या बैठकीत त्यांनी चहा संपवला, होडीची अट शांतपणे ऐकली आणि मंदाला विचारलं, "माले पवता येस. त्यास्ले येस का?"

नानांना पोहता येत नव्हतं. त्यांनी मान खाली घालून तसं सांगितलं.

"मंग काही हरकत नही," कमलताई म्हणाल्या, "एकाले येस तेवढं पुरे." असं ते जमलं.

आता राहिले विवाह अधिकारी. नियमाप्रमाणे नोटीस लागली, महिना गेला, कोणाची हरकत आली नाही. नानांच्या लग्नाला हरकत घ्यायला तरी कोण होतं! मग नाना मला घेऊन कचेरीत गेले. जादा फी भरली तर अधिकारी कचेरीबाहेर येऊनही लग्न लावू शकतात, हे नानांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

साहेब भला माणूस होता. म्हणाला, "बाहेर म्हणजे घरी, हॉलमध्ये, फार तर दवाखान्यात. पाण्यावर कसं?"

"कायद्यात 'कोरड्या जागी' असं लिहिलंय का साहेब?"

साहेबांनी पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं. तसं लिहिलं नव्हतं. मग त्यांना दुसरी भीती वाटली. "माझी हद्द जळगाव जिल्हा. होडी वाहत धुळे जिल्ह्यात गेली तर लग्न बेकायदा होईल."

"साहेब, मध्ये धरण शे. तरी वाहत गेलीच, तर तिथे पोचेपर्यंत लग्न काय, बारसंसुद्धा उरकलेलं असेल."

साहेब हसले आणि तिथेच फसले. शेवटी तडजोड झाली. होडीला दोर लावायचा, दोराचं टोक काठावरच्या बाभळीला बांधायचं आणि दोर जेवढा पुरेल तेवढंच आत जायचं.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी वैतागलो. म्हणालो, "नाना, अहो कचेरीत दोन मिनिटांत सह्या होतात. जमलेलं स्थळ हातचं जाईल अशा हट्टाने. होडीचं खूळ कुठून काढलंत?"

नानांनी चहा बशीत ओतला. मग त्यांनी सांगितलं, ते इतक्या साध्या आवाजात की मी कप खाली ठेवला.

पंचविसाव्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं होतं. मांडव मुलीच्या गावी. नात्याचं कोणी नव्हतंच, पण डेपोतले पंधरा-वीस जण येणार होते. ऐन लग्नसराईत जादा गाड्या सुटल्या आणि एकालाही रजा मिळाली नाही. नाना एकटेच पोचले, पिशवीत मुंडावळ्या घेऊन. लग्न लागायच्या आधी मानपान सुरू झाला. माईकवरचा माणूस पुकारायला लागला. नवरदेवाचे काका, टोपी-टॉवेल घ्यायला या. नवरदेवाचे मामा, या. नवरदेवाचे मेहुणे. मग थोडं थांबून, नवरदेवाकडचं कोणीही या.

"सगळा मांडव मागे वळून बघत होता भाऊ. मीही बघत होतो. वाटलं, येईल कोणीतरी." नाना म्हणाले. "मुलीचा बाप स्टेजवर आला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, पोरा, उद्या तुला काही झालं तर माझ्या मुलीनं कोणाच्या दारात उभं राहायचं? पाटावरून मुलगी उठवून नेली."

मी चहाचे पैसे दिले, नाना बोलतच राहिले.

"मी भोंग्यावरून हाक मारली की पन्नास माणसं पळत येतात. पण त्यातलं माझं कोण? होडीत आठच माणसं बसतात. पुकारायला कोणी नाही, रिकाम्या खुर्च्या नाहीत. लोकांना सांगता येतं, बठ्ठा गावच्या गाव आणला असता, पण जागाच नव्हती."

इतकी वर्षं मी या माणसाच्या टॉवेलांवर विनोद करत होतो.

लग्नाच्या दिवशी सकाळीच आम्ही नदीवर गेलो. धरणाच्या फुगवट्याने तिथे तापी चांगली रुंद आहे, पलीकडे केळीचे मळे. काशिनाथआप्पा भोई होडी धुऊन तयार होते. साक्षीदार तीन लागतात, ते म्हणजे मी, मंदा आणि कमलताईंचा भाऊ. शिवाय साहेब, त्यांचा शिपाई आणि वधूवर. आठवे आप्पा. खरोखरच नववं माणूस मावलं नसतं. साहेब दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसले होते आणि त्यांचं रजिस्टर शिपायाने छातीशी कवटाळलं होतं. दोर संपला तशी होडी खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखी जागीच फिरायला लागली.

"लवकर म्हणा," साहेब म्हणाले.

नाना उभे राहायला गेले, होडी कलली, शिपायाने देवाचं नाव घेतलं. कमलताईंनी नानांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. मग बसूनच नाना म्हणाले, "मी तुम्हाला कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो." कायद्यात 'तुला' होतं, पण साहेबांनी चालवून घेतलं. कमलताईही म्हणाल्या. सह्या झाल्या. मंदाने दोघांवर अक्षता टाकल्या, अर्ध्या पाण्यात गेल्या. नानांच्या चेहऱ्यावर परीक्षेतून सुटल्यासारखं हसू होतं. निभावलं, असं मलाही वाटलं.

काठावर कमलताईंच्या भावाने एक फोटोवाला आणून ठेवला होता. भुसावळचा तरुण माणूस, लग्नांचे फोटो काढण्यात मुरलेला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने नाना आणि कमलताईंना बाभळीपुढे उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि रोजच्या सवयीने हाक दिली.

"आता फॅमिली फोटो. नवरीकडचे इकडून या."

भाऊ जाऊन बहिणीशेजारी उभा राहिला.

"नवरदेवाकडचे या. चला पटकन. कोण आहे नवरदेवाकडचं?"

नानांनी मागे वळून बघितलं. मागे नुसता चढ होता, वर रस्ता, रस्त्यावर कोणी नाही. पंचवीस वर्षांत त्यांनी किती मांडवांत किती जणांची बाजू भरून काढली असेल, आणि ते तसेच मान वळवून उभे राहिले. मी निघालो होतो, खरंच निघालो होतो, मंदाही निघाली होती. पण आमच्या आधी कमलताई हलल्या. भावाच्या शेजारून त्या निघाल्या, नानांच्या पुढून वळून दुसऱ्या बाजूला गेल्या आणि पदर नीट करून उभ्या राहिल्या.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. "ताई, तुम्ही नवरी. मला नवरदेवाकडचं माणूस पाहिजे."

"मंग मी कोण शे?" कमलताई म्हणाल्या. "आत्तेच तर सही करी उनू."

फोटोवाल्याला काही कळलं नाही. त्याने पुन्हा कॅमेरा उचलला. नाना आता पुढे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांचा हात वर गेला नाही.

"रेडी?" फोटोवाला म्हणाला.

"थांब रे भाऊ," नाना म्हणाले. "लगेच नको काढू. जरा असंच उभं राहू दे."