साहेब डावीकडे पडले

साहेब पडत नसत. पडायचं काम लोकांचं आणि ते का पडले हे शोधायचं काम साहेबांचं, अशी चोख वाटणी नोकरीभर चालत आली होती. विमा कंपनीत ते तपास अधिकारी होते. कुणी दुकानात घसरलं, कुणी दवाखान्याच्या पायरीवरून गडगडलं, की भरपाईचा अर्ज यायचा आणि अर्जापाठोपाठ साहेब यायचे. पडलेल्या माणसाकडे ते अशा नजरेनं बघायचे की त्याची निम्मी दुखणी जागच्या जागी बरी व्हायची! पहिला प्रश्न ठरलेला.

"पायात काय होतं?"

ऑफिसात त्यांना पडझडसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर ऑफिस सुटलं, नाव मात्र गल्लीपर्यंत सोबत आलं.

"माणूस पडतो तो स्वतःच्या वेंधळेपणानं," ते सांगायचे. "माझी सत्तरी उलटली. पडलोय मी कधी?"

त्यांची एकुलती एक लेक वकील होती, आणि त्यातही दोष साहेबांचाच होता. इतर मुलांना झोपताना राजाराणीच्या गोष्टी मिळाल्या, तिला ओल्या फरशीच्या मिळाल्या. "मग तो इसम म्हणाला, पायात रबरी तळव्याचे बूट होते. आणि मी पलंगाखालून काय काढलं?" "चामड्याच्या सपाता!" लेक ओरडायची आणि तिची आई भांडी विसळता विसळता आतून हसायची.

ती आई जाऊन आता दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून लेक मागे लागली होती, "बाबा, माझ्याकडे चला." साहेब काही हलत नव्हते. इथल्या दोन खोल्यांत बायकोचा चष्मा अजून रेडिओवर होता. रेडिओ लावला की चष्मा बारीक थरथरायचा, आणि बातम्या ऐकताना साहेबांना वाटायचं, दोघं मिळून ऐकतोय. हे लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. त्यामुळे ते म्हणायचे, "तुझ्याकडे पंख्याचा आवाज फार."

शेवटी तह झाला.

"एकदा जरी पडलात, तर सामान बांधायचं. वाद घालायचा नाही!"

"मंजूर!" साहेब छातीठोकपणे म्हणाले. "पण मी पडलो तर. मला कुणी पाडलं, तर नाही."

लेकीनं पोटकलम मान्य केलं. शेवटी शिकवण बापाचीच.

त्यानंतर साहेब फारच जपून चालू लागले. अडचण एकच होती, त्यांचे बूट. तळवे इतके गुळगुळीत झाले होते की त्यात बघून भांग पाडता आला असता. लेकीनं धोशा लावला तेव्हा नाइलाजानं ते दोन गल्ल्यांपलीकडच्या बुटांच्या दुकानात गेले. लग्नापासूनची प्रत्येक जोडी त्यांनी तिथूनच घेतली होती. खरं तर घ्यायची बायको. रंग तिचा, भाव तिचा, भांडण तिचं. साहेब फक्त पाय पुरवायचे.

"या साहेब!" बूटवाला आनंदानं उठला. "किती दिवसांनी! वहिनी असताना कसं..." आणि तो मध्येच थांबून एका स्वच्छ खोक्यावरची धूळ झटकायला लागला.

"नंबर तोच," साहेब म्हणाले.

"रंग?"

या प्रश्नाचं उत्तर साहेबांना आयुष्यात कधी द्यावं लागलं नव्हतं. ते भांबावले. "नेहमीचा," त्यांनी सांगितलं. बूटवाल्यानं निमूटपणे तपकिरी काढला.

उजवा बूट चढला. साहेबांनी डावा पाय वर घेतला. पुढच्या क्षणी दुकान तिरपं झालं, छत समोर आलं, बाजूची मांडणी कलंडली आणि त्यांच्यावर बायकांच्या चपलांच्या खोक्यांचा वर्षाव झाला!

"अरे देवा! साहेब!" बूटवाला धावला.

"हात लावू नका!" खोक्यांखालून आवाज आला. "पुरावा हलवू नका!"

"कुठाय पुरावा?"

"मी!"

डावं मनगट ठणकत होतं, पण डोकं सुसाट धावू लागलं होतं. आपण पडलो म्हणजे सामान बांधायचं. तेव्हा आपण पडलेलो नाही. आपल्याला पाडलेलं आहे! राहता राहिलं सिद्ध करणं, आणि ते काम तर हातचा मळ.

"माझा मोबाइल घ्या. फोटो काढा. आधी फरशीचा, मग माझा, मग फरशीसकट माझा. तुमच्या फोनमध्ये नको, तुम्ही विरोधी पक्ष आहात."

"मी? साहेब, तुमच्या लग्नातले बूट मी दिलेत!"

"तेही नोंदवू. फरशी पुसलीत का आज?"

"सकाळी पुसली. आता दुपार कलली."

"म्हणजे पुसलीत! फलक कुठाय, फरशी ओली आहे म्हणून?"

"कोरड्या फरशीवर?" बूटवाला रडकुंडीला आला. "साहेब, घोटभर पाणी तरी घ्या हो."

"तुमचं पाणी प्यालो तर उद्या म्हणाल, आपसात मिटलं!" साहेबांनी उजव्या हातानं पेला दूर सारला. जरा जोरातच सारला.

उठल्यावर त्यांनी पँट चाचपली. ओलीचिंब! चेहरा उजळला. एका पायात नवा बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, अशा स्थितीत ते दवाखान्याकडे निघाले. पुरावा मूळ स्वरूपात ठेवायचा असतो.

"साहेब, डावा तरी घेऊन जा!" बूटवाला मागून ओरडला. "एकाच बुटाचं मी काय करू?"

"सांभाळून ठेवा! पुसू नका!"

संध्याकाळी लेक आली तेव्हा मनगटाला प्लास्टर होतं आणि साहेब प्रसन्न होते. ती चहासाठी फ्रिजमधून दूध काढायला गेली आणि तिथूनच म्हणाली,

"बाबा, बर्फाच्या खणात पँट आहे."

"असणारच. बाहेर ठेवली तर वाळेल. ओलावा टिकवलाय."

लेकीनं पँट बाहेर काढली. ती बैठ्या स्थितीत गोठली होती. दोन खुर्च्यांपैकी एकीवर ठेवली तर पाहुण्यासारखी ऐसपैस बसली. लेकीला हसू फुटणार होतं, पण तेवढ्यात तिची नजर प्लास्टरवर गेली.

"सामान बांधायचं."

"पोटकलम!" साहेब गरजले. "मला दुकानानं पाडलंय!"

लेक खुर्ची ओढून पँटीसमोर बसली. आता ती लेक राहिली नाही, वकील झाली.

"ठीक आहे. दुकानात येणाऱ्यासाठी जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी. धोका असेल तर त्यानं सांगायला हवं. पण येणाऱ्यानंही डोळे उघडे ठेवायचे असतात. दोघांची चूक असेल तर ती दोघांत वाटली जाते. डॉक्टरांचा कागद?"

"आजचाच आहे. उशीर केला की मुद्दा पातळ होतो."

"फोटो?"

साहेबांनी मोबाइल पुढे केला. सगळ्या फोटोंत बूटवाल्याचा अंगठा आला होता.

"कशावर सही केलीत?"

"मी? सही?" साहेबांना अपमान वाटला.

"पडल्यावर काही बोललात? आपलंच चुकलं, काही लागलं नाही, असं?"

साहेब हसले. याच वाक्यांवर त्यांनी उभी नोकरी काढली होती. "पडलेल्या माणसाचं पहिलं वाक्य तेवढं खरं, पुढची सगळी रचलेली. हे मीच तुला शिकवलंय. मी अवाक्षर बोललो नाही!"

"मग उद्या सकाळी दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघू. ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा आधी तेच मागायचं. दुकानाची चूक दिसली तर तुम्ही इथंच राहाल. नाही दिसली तर..."

साहेबांनी उगाचच रेडिओकडे पाहिलं.

सकाळी बूटवाला हात जोडूनच उभा होता. पैशांच्या गल्ल्यामागच्या छोट्या पडद्यासमोर तिघांनी डोकी जुळवली. लेकीनं चित्र सुरू केलं. फरशी कोरडी ठणठणीत. साहेब आले, उभे राहिले, पडले, खोकी पडली. मग बूटवाला पेला घेऊन आला, पडद्यावरच्या साहेबांनी हात झटकला आणि सगळं पाणी साहेबांच्याच पँटीवर!

"पँटीचा निकाल लागला," लेक म्हणाली.

"तुम्ही बोलला का नाहीत?" साहेब बूटवाल्यावर खेकसले.

"पुरावा हलवू नका म्हणालात ना!"

"असू दे. फरशी ओली नसेल, गुळगुळीत असेल! पायांकडे बघा. परत लाव."

परत लावलं. नव्या बुटातला उजवा पाय खांबासारखा जागच्या जागी होता. डावा हवेत. काहीही घसरलं नव्हतं. तरी साहेब पडत होते.

"मग मी पडलो कसा?" साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता त्यांनाच चेव आला. अशी केस नोकरीत एकदाही आली नव्हती. "परत लाव. आवाज मोठा कर. पाय सोडा, वरचा भाग बघा."

तिसऱ्यांदा लावलं. पडद्यावरच्या साहेबांनी डावा पाय उचलला आणि त्याच वेळी डावा हात बाजूला नेला. न बघता, सावकाश, खांद्याच्या उंचीवर. आपल्या दाराची कडी काळोखातही सापडावी तसा. मग त्या हातावर त्यांनी निर्धास्त भार टाकला. तिथं कुणीच नव्हतं.

आणि पडता पडता ते बोलले होते. स्पष्ट ऐकू आलं.

"धर गं."

लेकीनं चित्र थांबवलं.

"वहिनी तिथंच उभ्या राहायच्या," बूटवाला हळूच म्हणाला. "लग्नानंतरच्या पहिल्या जोडीपासून. म्हणून त्या बाजूला मी स्टूल कधी ठेवलंच नाही. मध्ये येईल असं वाटायचं. चूक माझीच आहे, साहेब. लिहून घ्या."

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग खाकरले. तपास पूर्ण झाला होता आणि तपासाशी त्यांनी कधी बेइमानी केली नव्हती.

"दुकानाचा दोष नाही," ते म्हणाले. "फरशी कोरडी, बूट नवा, उजेड भरपूर. इसम स्वतः पडला." मग लेकीकडे न बघता, "संध्याकाळी ट्रंक काढतो माळ्यावरून. रेडिओ मात्र सोबत येईल."

लेक पडद्याकडे बघत होती. तिथं बापाचा हात अजून हवेत होता.

"थांबा. पोटकलम राहिलं. आई तिथं असती तर पडला असतात?"

"छे!"

"मग तुम्ही पडला नाहीत. पाडले गेलात. वर्षानुवर्षं चालू असलेला आधार आईनं पूर्वसूचना न देता काढून घेतला. पूर्ण निष्काळजीपणा तिचा."

साहेब थक्क झाले. "मग आता तिच्यावर दावा?"

"ती आपल्या कोर्टाच्या हद्दीबाहेर आहे, बाबा." लेकीनं नाक पुसलं. "तुम्ही राहा घरीच. अट एवढीच, बूट बसून घालायचे. आणि दर रविवारी बातम्या ऐकायला मी येणार. चष्मा थरथरतो तो मलाही दिसतो."

 

बूटवाल्यानं लगबगीनं स्टूल आणलं, जपून ठेवलेला डावा बूट आणला आणि साहेबांच्या डाव्या बाजूला वाकला. "बसा साहेब."

साहेब बसणारच होते. पण मन भरून आलं होतं, समोर तपकिरी बूट होता, आणि सवय ती सवय. त्यांनी पाय उचलला, प्लास्टरचा हात बाजूला नेला. या वेळी तिथं खांदा होता! साहेब सुखानं रेलले.

वहिनींचा सराव संसारभराचा होता. बूटवाल्याचा पहिलाच दिवस! तो स्टुलावर, स्टूल मांडणीवर आणि मांडणी बूटवाल्यावर, अशी वरात गेली. लेकीनं साहेबांना वेळेवर धरलं म्हणून ते तेवढे उभे राहिले. बायकांच्या चपला पुन्हा एकदा बरसल्या.

"अहो, लागलं का?" साहेब पुढे झाले.

"हात लावू नका!" खोक्यांखालून आवाज आला. "फोटो काढा! आधी फरशीचा!"

साहेब ताठ झाले. नोकरीतली ती जुनी नजर आपोआप डोळ्यांत आली. ते वाकले आणि त्यांनी विचारलं,

"पायात काय होतं?"

"पायात काय विचारता!" बूटवाला तळमळून म्हणाला. "खांद्यावर कोण होतं ते विचारा!"