आप्पांच्या हातचं ऊन

सूनबाईंची नोकरी इन्व्हर्टरना फसवण्याची आहे, असं त्यांचे सासरे, म्हणजे आप्पा, चारचौघांत सांगत आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. गच्चीवरच्या सोलर पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करून देणारा डबा म्हणजे इन्व्हर्टर. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तो तऱ्हेतऱ्हेच्या उन्हात तपासावा लागतो. पण ऊन काही आपल्या हुकमावर पडत नाही. म्हणून तपासणीच्या बिनखिडकीच्या खोलीत कपाटाएवढं एक यंत्र ठेवलं होतं. ते पॅनेलसारखीच वीज सोडायचं: कोवळ्या सकाळची, भर दुपारची, मध्येच ढग आल्याची. बिचाऱ्या इन्व्हर्टरला वाटायचं, आपण कुणाच्या तरी गच्चीला लागलो.

त्या आठवड्यात नव्या इन्व्हर्टरची तपासणी होती आणि तो किती वीज देतो त्याचे आकडे मोबाइलवर पाठवणारी छोटी डबी स्टोअरमधून काही केल्या येईना. सूनबाईंनी वैतागून घरच्या इन्व्हर्टरची, आप्पांच्या मोबाइलला जोडलेली डबी काढून नेली. घरात सांगायचं तेवढं राहून गेलं.

आप्पा निवृत्त पीटी मास्तर. शिस्त लावायला आता घरात कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा सगळा धाक पॅनेलवर चाले. दर थोड्या वेळाने ते मोबाइल उघडून पॅनेल नीट काम करताहेत ना ते बघत. त्या दिवशी सकाळच्या चहाच्या वेळीच आकडा भर दुपारचा दिसला. आप्पांना बरं वाटलं. दुपारी मात्र बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि मोबाइलवर आकडा घसरलेला. कारखान्यात सूनबाईंनी यंत्रातून ढग सोडला होता, हे आप्पांना कसं कळावं? त्यांनी बादली आणि फडकं घेतलं, गच्चीवर गेले आणि पॅनेल पुसायला लागले. तिसऱ्या पॅनेलपर्यंत पोचले तोवर कारखान्यातला ढग सरला आणि आकडा टुणकन वर गेला.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आप्पांनी त्यातून शास्त्र काढलं. पाणी कोमट हवं, फडकं सुती हवं, हात खालून वर गेला पाहिजे आणि पुसणाऱ्याने मध्ये बोलता कामा नये. रात्री जेवताना त्यांनी हे सगळं सुनेला सांगितलं. तिच्या डोक्यात कारखाना होता. ती नुसती हो हो म्हणाली. आप्पांनी ती तज्ज्ञाची संमती समजली.

समोर दातांचे डॉक्टर राहत. त्यांच्याकडेही सूनबाईंच्याच कंपनीचा इन्व्हर्टर होता. त्यांना आधी हसू आलं, मग आप्पांनी त्यांना गच्चीवर उभं करून मोबाइल हातात दिला. आप्पांनी पुसलं, तिकडे ढग सरला, आकडा चढला. डॉक्टरांचं हसू मावळलं. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी आप्पांना सन्मानाने आपल्या गच्चीवर नेलं. आप्पांनी कोमट पाण्याने, खालून वर, एक शब्द न बोलता सगळी पॅनेल पुसली. ऊन उतरणीला लागलं होतं; आकडा ढिम्म हलला नाही.

"डॉक्टर, तुम्ही फार उशिरा आलात," आप्पा फडकं पिळत म्हणाले.

हे वाक्य डॉक्टरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. स्वतः ऐकायची वेळ आल्यावर ते त्यांना सहन झालं नाही. त्यांनी कंपनीकडे तक्रार केली: समोरच्या घरी पुसलं की वीज वाढते, माझ्याकडे वाढत नाही, सबब माझा इन्व्हर्टर सदोष आहे.

तक्रार साहेबांमार्फत सूनबाईंच्या टेबलावर आली. पत्ता समोरच्या डॉक्टरांचा होता. डबी, ढग, आप्पांची बादली, सगळं एका क्षणात जुळलं. त्या सांगायला तोंड उघडणार, तोच साहेब म्हणाले की असं ज्ञान खोलीत बसून मिळत नाही, चला, या पुसणाऱ्या गृहस्थांना भेटूनच येऊ. सूनबाईंनी सवयीप्रमाणे यंत्र बंद केलं, डबी पर्समध्ये टाकली आणि गाडीत बसल्या. वाटभर साहेब फोनवर बोलत होते. फोन संपला तेव्हा गाडी सूनबाईंच्याच दाराशी उभी होती.

साहेब येणार हे कंपनीने कळवल्यामुळे आप्पांच्या गच्चीवर डॉक्टर आधीच हजर होते. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुनेला साहेबांबरोबर बघून त्यांना वाटलं, पोरीने कौतुकाने आणलं. त्यांनी पुसायला सुरुवात केली. आकडा शून्य. त्यांनी पाणी बदललं. शून्य. फडकं बदललं. वर आग ओकणारा सूर्य, खाली घामाने निथळणारे आप्पा आणि मोबाइलवर मिट्ट काळोख. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरू लागलं.

सूनबाईंना ते बघवेना. त्यांनी पर्समधून डबी काढली आणि सगळं सांगून टाकलं. सकाळची दुपार कुणी केली, ढग कुणी आणले, कुणी हटवले, सगळं. साहेब आधी गंभीर झाले आणि मग आकाशाकडे तोंड करून हसू दाबत राहिले. आप्पांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. अख्ख्या शाळेसमोर छड्या बसलेल्या मुलासारखे ते दिसत होते.

"आप्पा, चूक माझी आहे. तुम्ही उन्हात राबत होता आणि मी तिकडे..." सूनबाई म्हणाल्या.

आप्पांनी नुसता हात हलवला.

सूनबाई खाली गेल्या, डबी घरच्या इन्व्हर्टरला लावून वर आल्या. मोबाइलवर आकडा उमटला आणि चढत चढत एका जागी थांबला. सूनबाईंनी डोळे चोळले. पॅनेल बसवल्यापासून इतकी वीज या गच्चीने कधीच दिली नव्हती. वर्षानुवर्षं बसलेली धूळ आठवडाभर रोज पुसली गेल्यावर दुसरं काय होणार? साहेबांनी आकडा दोनदा पाहिला. डॉक्टरांनी चष्मा काढून पाहिला.

"आप्पा, हे खरं आहे. हे तुम्हीच केलंत," सूनबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल सासऱ्यांपुढे धरला.

आप्पांनी आकड्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"पुरे झालं, सूनबाई," ते शांतपणे म्हणाले. "कारखान्यात फोन करून ते यंत्र बंद करायला सांग."