मार्गशीर्षातली मोटार

गंगारामभाऊंची जुनी मोटार बंदरावरून निघाली की झाडगावात ऐकू यायची. इंजिनाला धुराची नळी जिथं जुळते तो जोड फुंकत होता, आणि त्याचे नट खाऱ्या वाऱ्यानं गंजून असे बसले होते की पाना झिजेल पण नट हलणार नाही. एरवी भाऊंना त्या आवाजाचं कौतुकच होतं. पण गुरुवारी त्यांच्या लेकीला, दमयंतीला, बघायला मुंबईचे पाहुणे बोटीनं येणार होते. दोन स्थळं आधीच परत गेली होती. हे तिसरं हातचं जाऊ द्यायचं नाही, असं भाऊंनी ठरवलं होतं.

"जोर केला तर बोल्टच तुटंल," गफूर मिस्त्री म्हणाला. "थांबा, आमच्या मचव्यावरचा इलाज करतो."

इलाज म्हणजे होड्यांना लावतात ते मुशी माशाचं तेल. गफूरनं दोन दिवस ते जोडाला पाजलं, आणि बुधवारी नट मुकाट सुटले. जोड घट्ट बसला. मोटार शहाण्यासारखी चालू लागली.

"भाऊ, आता तासभर इंजिन तापवा. उरलंसुरलं तेल जळून जाऊ दे."

"आत्ताच धुऊन पुसून ठेवलीय रे. उद्या जळेल की," भाऊ म्हणाले. आता याला काय म्हणावं?

गुरुवारी बंदरावर पाहुणे बसले. पुढे भाऊंशेजारी महिपतराव, मागे त्यांची पत्नी सोनूबाई आणि मुलगा. सोनूबाईंचा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपास होता. फर्लांगभर जातात न जातात, तोच नळी तापली आणि गाडीत खमंग मासळी तळल्याचा वास सुटला.

"मार्गशीर्षात कोण तळतंय हो?" सोनूबाईंनी पदर नाकाला लावला.

"हा मिरकरवाडा. मासळीबाजारच इथं."

मिरकरवाडा मागे पडला, वास पडेना.

"आणि हे काय आहे?"

"ही... सरकारी कचेरी."

"कचेरीत तळतात?"

भाऊंना घाम फुटला. घर आलं तेव्हा मागून चार मांजरं धावत होती. सोनूबाई तडक स्वयंपाकघरात शिरल्या आणि एकेक झाकण उघडून पाहू लागल्या. वरण, भात, घेवड्याची भाजी.

"मग वास कसला?"

भाऊ आढ्याकडे बघू लागले. दमयंती म्हणाली, "आमच्या मोटारीचा. ती फार ओरडते, तुम्हाला कळू नये म्हणून भाऊंनी मुशीचं तेल घालून दुरुस्त करवली. तुम्हाला आवडलं नसेल तर तसं सांगा, पण त्यांना रागावू नका."

सोनूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग झाकण जागेवर ठेवत म्हणाल्या, "पोर खरं बोलते. मला हीच हवी."

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. महिपतराव मात्र येताना गाडीत डोळे मिटून बसले होते, आणि भाऊंनी त्याचा अर्थ राग असा लावला होता.

दुसऱ्या दिवशी बंदरावर निघताना गाडी निर्मळ चालली. तेल जळून गेलं होतं. महिपतरावांनी दोनदा लांब श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. पाठीमागे बायकोकडे एक नजर टाकून ते भाऊंच्या कानाशी वाकले.

"व्याही, त्या मिस्त्रीकडून एक बाटली मिळेल का? मार्गशीर्ष संपायला अजून अठरा दिवस आहेत हो."