भाजलेल्या मातीतली जंभेरी

झाडाच्या मुळाशी बुरशी असलीच पाहिजे, असं म्हणणारा शहाणा माणूस १९८६ साली अख्ख्या सौंसर तालुक्यात एकच होता. मी! गणिताचा मास्तर आहे. पुराव्याशिवाय बोलत नाही.

तिगावला माझे सासरे, यशवंतराव, चारशे संत्री नव्यानं लावणार होते. कोणाच्या सल्ल्यानं, हाच प्रश्न होता. जावयाच्या की मुलाच्या? मेहुणा हेमंत म्हणजे सुपर फॉस्फेटचं, स्फुरदाच्या खताचं, चालतं पोतं. झाड सुकलं, टाक सुपर! झाड वाढलं, शाबासकी म्हणून आणखी सुपर!

"दाजी, मुळाले बुरशी लावून राहिले? उद्या गव्हाले कीड लावसान!"

"अरे, ही बुरशी मित्र आहे. मुळांना धरून राहते, धागे पसरून दूरचं स्फुरद झाडाला आणून देते. बदल्यात झाड तिला साखर खाऊ घालतं."

"म्हणजे घरजावई!"

सासरे म्हणाले, "भांडू नका बाप्पा. ज्यावर संत्र्याचं कलम बांधतो, त्या जंभेरीच्या रोपायवर करून दाखवा. ज्याची ओळ उंच, त्याचा सल्ला."

संक्रांत झाली आणि मी कामाला लागलो. मातीत आधीची कुठलीच बुरशी नको, म्हणून ती लग्नाच्या कढईत चांगली भाजली. शेजारच्या कुसुमबाई विचारून गेल्या, "पंगत कवा हाय?" जंभेरीचे चोवीस डबे, सहा-सहाच्या चार ओळी, प्रत्येक ओळीला टिनाची पाटी: 'बुरशी', 'खत', 'दोन्ही' आणि 'काहीच नाही'. कृषी कॉलेजातून आणलेली बुरशी मी घातली, खत हेमंतनं; शेवटची ओळ आपली तुलनेपुरती. पाणी द्यायचं काम सुखदेवकडे, सासऱ्यांच्या सालदार गड्याकडे, सोपवलं, कोणी काही टाकायचं नाही असा हुकूम सोडला आणि सौंसरला परतलो.

जूनमध्ये मोजायला आलो. 'बुरशी' वीतभर. 'खत' दीड वीत, पण पानांच्या कडा करपलेल्या. 'दोन्ही' वीत आणि चार बोटं. आणि 'काहीच नाही' माझ्या गुडघ्याच्या वर! फूटपट्टी तीनदा लावली. मग फूटपट्टीच तपासली. मग चष्मा पुसला.

"सुखदेव! बुरशीच्या ओळीला काय केलंस?"

"वाचवलं तिले! आपल्या बागेत पाटी रोगट झाडालेच लावते ना, मास्तर? वरून बुरशी लिवलेलं! दर आठ दिवसाले मोरचूद-चुन्याचं पाणी ओतून राहिलो."

वीस वर्षं संत्र्याच्या डिंक्या रोगाची बुरशी मारलेला माणूस तो. माझी मित्र-बुरशीही त्यानं तितक्याच निष्ठेनं मारली!

"आणि खताची ओळ?"

हेमंत बुटाकडे बघू लागला. "हात जरा सैल सोडला. 'दोन्ही'तही खत माझंच होतं, मंग तिलेही!"

संपलं! आयतं स्फुरद इतकं मिळालं की झाडं बुरशीला कशाला विचारतील? पण मग ही चौथी? जिला कोणी काही दिलंच नाही, ती कशावर वाढली? मी सुखदेवकडे पाहिलं, सुखदेवनं हेमंतकडे, हेमंतनं आभाळाकडे.

"मीच टाकलं," दारातून सासूबाई, शांताबाई, म्हणाल्या. "भाजल्या मातीत काय जगते? बाकीच्यायले सारे देऊन राहिले, यायलेच काही नाही. मले पाहवलं नाही. ज्या संत्र्याले कधी रोग नाही लागला, त्याच्या बुडाची दोन-दोन ओंजळी माती टाकली. बस."

मी उडालोच आणि सासऱ्यांकडे वळलो. "मामाजी! अहो, त्या जुन्या मातीत हीच मित्र-बुरशी असते! म्हणजे मी जिंकलो!"

"माती कोणं टाकली?"

"सासूबाईंनी. पण शास्त्र…"

"मंग बाग तिची."

पाऊस पडताच चारशे खड्डे झाले. हेमंतनं खणले, शास्त्रज्ञ म्हणून त्या जुन्या मातीचं टोपलं माझ्या डोक्यावर आलं. एकशे सदतिसाव्या खड्ड्याशी मी ओंजळ भरून वाकलो, तोच मागून सासूबाईंचा आवाज आला,

"जवाईबापू, बोटं मिटा! माती गळून राहिली!"

मिटली.