भरमाण्णा आणि आहेराची ताटं

आमच्या शेजारच्या भरमाण्णांना नवी वस्तू दाखवायची चोरी आहे. मी हौसेने मिक्सर आणला, तर त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि विचारलं, "संपल्यावर हे जाणार कुठं?" एका लग्नात नवरीच्या हातातल्या प्लास्टिकच्या गुच्छाकडे बोट दाखवून त्यांनी तिलाही हेच विचारलं होतं. नवरी रडली. पाठवणीच्या वेळी कोण कशामुळे रडतंय ते कळत नाही, म्हणून निभावलं.

कडोलीच्या वाटेवरच्या आमच्या सीमाभागातल्या गावात अण्णांच्या घरातून कचरा असा बाहेर पडतच नाही. शहापुरातल्या साड्या विणणाऱ्या मागवाल्यांकडून ते सुताची तुटकी टोकं पोतं भरून आणतात आणि त्यांची दावी वळतात. त्यामुळे त्यांची म्हैस साडीच्या रंगाच्या दाव्याला बांधलेली असते आणि तिचा तोराही तसाच आहे. गोठ्याला निवडणुकीच्या बॅनरचं छप्पर आहे, एक कन्नडमधला, एक मराठीतला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे ते दोन उमेदवार तिथे वर्षभर शेजारी शेजारी हात जोडून असतात. शेण गोबर गॅसला, गॅसची मळी वांग्यांना, वांग्यांचा पाला पुन्हा खताला. "फिरवायचं, थांबवायचं न्हाय," हे अण्णांचं तत्त्वज्ञान, आणि ते ऐकवण्यासाठी ते कुणालाही रस्त्यात थांबवतात.

यंदा लक्ष्मीच्या यात्रेआधी त्यांनी यात्रा कमिटीलाच अडवलं. दर महाप्रसादानंतर प्लास्टिकच्या पत्रावळ्या गायरानभर उडायच्या आणि गुरं त्या चघळत बसायची. अण्णांचं म्हणणं, घरोघरी माळ्यावर आहेरातली स्टीलची ताटं पडून आहेत, ती खाली काढा. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, हरवली तर बायका गाव डोक्यावर घेतील. तेव्हा अण्णांनी देवळात सगळ्यांसमोर शब्द दिला, "एक जरी ताट हरवलं, तर ह्या विषयावर मी पुन्यांदा तोंड उघडणार न्हाय." कमिटीने लगेच मंजुरी दिली.

महाप्रसाद थाटात झाला. खरकटं अण्णांच्या गोबर गॅसला गेलं, गायरानावर कागदाचा कपटा दिसेना. घासलेली ताटं परत पोचवायचं काम मात्र अण्णांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. प्रत्येक ताटावर नाव कोरलेलं होतंच. परगावच्या पाहुण्यांच्या नावाची ताटं तेवढी त्यांनी देवळात ठेवली, बाकीची गाडीत घालून, नावं वाचत दारोदार वाटली आणि तृप्त होऊन झोपले.

सकाळी गल्लीत बोंब उठली. आमच्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. अण्णांनी गावातले झाडून सगळे आहेर ज्यांनी केले त्यांनाच परत केले होते. माझं ताट तर गेलंच, वर सासऱ्यांनी कुणाकुणाच्या लग्नात दिलेल्या ताटांची चळत आमच्या कट्ट्यावर येऊन पडली. बायका अण्णांच्या दारात जमल्या. अध्यक्षही हसत आले आणि म्हणाले, अण्णा, आता दिलेला शब्द पाळा.

अण्णांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. ते तडक देवळाकडे गेले आणि थोड्या वेळाने भोंग्यावरून आवाज आला, "ज्येंच्या घरात सोताच्या नावाचं ताट आलंय, ते त्येंचं न्हाय. ज्येच्या लग्नात दिल्तं, त्येच्या घरला नेऊन द्या. आनि पावन्यांच्या नावाची देवळात हाईत, ती वळखून न्या."

कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं, हे आमच्या गावात कुणी विसरत नाही. दिवसभर गाव ताटं घेऊन हिंडत होतं. भावकीच्या भांडणात बोलणं तुटलेली माणसंही एकमेकांच्या उंबऱ्यावर आली, आणि आलीच आहेत म्हणून चहा झाला. संध्याकाळी अध्यक्षांनी स्वतः भोंगा हातात घेऊन जाहीर केलं की एकाही घराची तक्रार नाही, आणि यापुढचे सगळे महाप्रसाद ताटांतच होतील. पोरांनी अण्णांना खांद्यावर घेतलं. मीही टाळ्या वाजवल्या.

माझं ताट अजून आलं नव्हतं, पण मी गप्प राहिले. ते कुठे असणार हे मला ठाऊक होतं. माझ्या लग्नात ते अण्णांच्या बायकोने, शेवंताकाकूंनी दिलं होतं. काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली.

दिवेलागणीला मी त्यांच्याकडे गेले. अण्णा चुलीपाशी एकटेच बसले होते. ताट मांडीवर होतं आणि त्यांचं बोट कोरलेल्या अक्षरांवरून फिरत होतं.

"बाकीची सगळी दिली," ते म्हणाले. "हे तेवढं ऱ्हायलंय. घरात तिच्या नावाचं एक बी भांडं न्हाय, पोरी. सगळी लोकांच्यात देऊन बसली. आज ह्यात जेवू काय? सकाळी आणून देतो."

"तुमच्याकडंच राहू दे की, अण्णा."

"छे. तुला दिलंय तिनं."

मी ताट घरी नेलं, त्यात भाकरी-आमटी वाढली आणि त्यांच्यापुढे आणून ठेवलं. सकाळी ते लख्ख घासून आलं, शेवग्याच्या शेंगा घालून, कारण शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. मग मी तरी रिकामं कसं पाठवू? तेव्हापासून ते ताट आमच्या दोन घरांत ये-जा करतंय, आणि अण्णा दिवसाआड काकूंच्या ताटात जेवतात.