जंतूंच्या कड्या मोजणाऱ्या लेले मॅडम

माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकणार. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमच्या लेले मॅडमना "आज फार उकडतंय" म्हटलं तरी त्या विचारतात, "कशाच्या मानाने?" मंडईतही तेच. वांगी ताजी आहेत म्हटलं की, "कशाच्या मानाने?" भाजीवाला आता आपणच सांगतो, "शेजारच्याच्या मानाने, बाई." मग घेतात.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत काचसामान धुते. जंतूंच्या पोटात प्लाझ्मिड नावाच्या बारीक कड्या असतात. एका जंतूत त्या किती, हे मॅडम काढतात. मला सांगतात, "नुसत्या कड्या मोजून काय उपयोग, शालनबाई? जंतू किती, ते नको? प्रत्येक जंतूचा स्वतःचा एक लांब धागा असतो. कड्या मोजा, धागे मोजा, मग भागा."

त्यांची विद्यार्थिनी अनघा. दिवाळीच्या तोंडावर तिचा आकडा भलताच मोठा आला. पोरगी पेढे आणायला निघाली.

"पेढे राहू देत," मॅडम म्हणाल्या. "जंतू नीट फोडलेस का?"

अनघाने घाईत जंतू फोडायचं तयार किट वापरलं होतं. त्यात कड्या सुटून येतात, लांब धागे मागेच अडकतात. धागे कमी भरले, म्हणून भागल्यावर एका जंतूमागे कड्या जास्त दिसल्या. आता सगळं पुन्हा करायचं, आणि पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत आकडा पाठवला नाही तर शिष्यवृत्ती बंद. ती रडायलाच लागली.

"रडून आकडा सुधारत नाही. पाडव्याला सकाळी ये. घालव माझी दिवाळी."

पाडव्याला सगळी इमारत बंद, आम्ही तिघीच. "एकटीने उरकायचं नाही तुझ्याने, सरक," म्हणत मॅडमनी निम्म्या नळ्या स्वतः भरल्या. दुपारी आकडा आला, पहिल्यापेक्षा कितीतरी लहान.

"हा खरा," मॅडम म्हणाल्या.

अनघाने तो पाठवला, वाकून नमस्कार केला आणि साताऱ्याची एसटी गाठायला पळाली.

मॅडम मात्र पुसलेलंच टेबल पुसत राहिल्या. मी म्हटलं, "मॅडम, घरी पाहुणे खोळंबले असतील."

"माझ्याकडे कोण येणार हो? गेल्या पाडव्यालाही मी इथेच होते. वॉचमन किल्ली देतो बिचारा."

मला कुणाला आग्रह करायला जमत नाही. तरी म्हटलं, "आमच्याकडे चला ना, बिबवेवाडीला. घर लहान आहे."

त्यांनी तोंड फिरवलं आणि मशीनचं बटण उगाच तपासलं. रागावल्या, असं वाटलं मला. बादली मोरीत ठेवून आले, तर मॅडम चपला घालून, पर्स खांद्याला लावून जिन्यात उभ्या.

"चला लवकर," म्हणाल्या, "सणाची रिक्षा मिळायची नाही."