तीनचाकीची स्वारी, मौजे मिरजगाव

वाचणारांस आरोग्य आणि गुडघ्यांस बळ असो. मौजे मिरजगाव, प्रांत नगर, येथील तीनचाकी खरेदीची हकीकत कित्येक जण तिखटमीठ लावून सांगतात, सबब जैसें घडलें तैसें, कोणाची भीड न धरितां, लिहितों.

राजमान्य राजेश्री उत्तमराव, सत्तरी ओलांडलेले, उभा जन्म दुचाकी सायकलीवर आरूढ होऊन रोज सकाळीं हमरस्त्यावरील चहाच्या हाटेलीं दरबारास जात, आणि बाजाराचे दिवशीं मागें क्यारियरावर वज्रचुडेमंडित बनाबाईसाहेब बसत. मग एके दिवशीं स्वारी सायकलीसुद्धां रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारींत पडली आणि गुडघ्याचा बुरूज ढासळला. चिरंजीव भीमराज यांणीं दुचाकीस मनाई फर्माविली. दरबार तुटला, राव घरीं बसून झुरूं लागले, आणि हातांतला चहा निवूं लागला, हें पाहून बनाबाईंचे चित्तास फार दुःख जाहलें. मग खलबत होऊन बॅटरीची तीनचाकी घ्यावी ऐसी मसलत ठरली, आणि तिघांनीं नगरावर कूच केलें.

नगरीं दुकानदारानें दोन वाहनें रुजू केलीं. एक बुटकें, मध्यें दांडी नाहीं, पाय उचलणें न लगे, मागें बसावयास गादी. दुसरें उंच, मध्यें लोखंडी दांडी, मागें सामानाची भली मोठी जाळी. भीमराजानें बुटक्याची शिफारस करितांच रावांचा क्रोध अनावर जाहला. बिनदांडीची ती बायकांची सायकल, मर्दानें दांडीचीच घ्यावी आणि मागून टांग टाकूनच चढावें, ऐसी आज्ञा जाहली. मागें जाळी आहे, असा अर्ज दुकानदारानें अदबीनें गुदरला, तो नामंजूर जाहला.

मग रावांनीं धोतर सावरिलें, टांग उगारिली, आणि ती टांग जाळींत जाऊन अडकली. खालीं एकाच पायाची शिबंदी. ना चढाई होय, ना माघार घेववे. वाहन मात्र तीन चाकांवर निश्चिंत उभें. रस्त्यावरील रयत मोबाईल काढून तमाशा टिपूं लागली, आणि भीमराज व दुकानदार यांणीं शर्थ करून रावांस सोडविलें.

ही धामधूम चालली असतां बनाबाईसाहेब, ज्यांणीं जन्मांत हँडलास हात लाविला नव्हता, लुगडें आवरून बुटक्या वाहनावर बसल्या, मूठ पिळली, आणि दुकानापुढील पटांगणास फेरी घालून रावांपुढें येऊन ब्रेक दाबिला.

"उभा जलम मी बसले तुमच्या मागं," त्या म्हणाल्या. "घरी बसून तुमचा च्या गार हुतो, त्यो मला बगवत न्हाई. बसा मागं."

रावांनीं चहूंकडे पाहिलें, आणि धोतर सावरून मागें गादीवर बसले.

बुटकें वाहन खरीद जाहलें. आतां रोज सकाळीं स्वारी हाटेलीं दाखल होते, आणि जेथें आजवर पुरुषांखेरीज कोणी बसलें नव्हतें तेथें चहाचा दुसरा कप येतो. मोहीम फत्ते जाहली. ही फत्ते रावांचे नांवीं लिहावी ऐसा त्यांचा सक्त हुकूम आहे, तेणेंप्रमाणें लिहिली. किल्ली मात्र बनाबाईंचे कमरेस असते.